सिंगापूरची क्रूझ, नऊ माणसं आणि अ‍ॅपवर दिसणारं ‘फुल’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर इथेच लक्षात येईल. डिसेंबरच्या सुट्टीत सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ, कोथरूडहून तुम्ही नऊ जण, तीन केबिन, आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आईंचे गुडघे दुखतात, मुलं आठ आणि बारा वर्षांची. अ‍ॅपवर शो बुक करायला गेलात तर एक शो ‘फुल’ आणि बाकीचे दिसतच नाहीत. त्यात मेव्हण्यांनी सांगितलं की जहाजावर पाच हजार माणसं असतात, लिफ्टला रांग, जेवायला रांग, म्हणजे पैसे मोजून दिवाळीच्या आदल्या रविवारी तुळशीबागेत जाण्यातला प्रकार. आणि आता तुम्ही विचारताय की शो मिळतील का, आई-बाबांना झेपेल का, का आत्ताच कॅन्सल केलेलं बरं.

कॅन्सल करू नका. मी २०११ पासून पुण्याहून ग्रुप घेऊन जाते, आधी बसने कोकण-काशी करायचे, मग क्रूझकडे वळले, आणि एवढ्या वर्षांत गर्दीमुळे ट्रिप वाया गेलेली माणसं फार थोडी पाहिली. चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी उभं राहून वैतागलेली मात्र भरपूर पाहिली, त्यात एक-दोनदा मी स्वतः होते. मेव्हण्यांचा आकडा खोटा नाहीये. फक्त ती पाच हजार माणसं दिवसभर तुमच्या आजूबाजूला नसतात, ती दिवसातून पाच-सहा वेळा एकदम एकाच दाराशी येतात, आणि त्या वेळा आधीपासून माहीत असतात. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

काही गोष्टी जहाजावर आणि तारखेवर अवलंबून आहेत हे आधीच सांगून टाकते. तुम्ही लिहिलंय की मुलांना ‘काचेच्या कॅप्सूलमधून वर जायचंय आणि हवेत तरंगायचंय’, त्यावरून हे रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम प्रकारातलं जहाज असावं असं धरून चालते. दुसरं असेल तर नावं बदलतील, हिशोब तोच राहील. काही कंपन्यांच्या जहाजांवर शोला बुकिंगच नसतं, सरळ जाऊन बसायचं, तसं असेल तर खालचं बुकिंगबद्दलचं सगळं सोडून द्या आणि वेळेबद्दलचं वाचा. आणि डिसेंबर म्हणजे सिंगापूरच्या शाळांनाही सुट्टी, त्यामुळे केबिनमधले तिसरे-चौथे बेडसुद्धा भरलेले असणार. कंपनी जो प्रवासी-आकडा छापते तो एका केबिनमध्ये दोन माणसं या हिशोबाने असतो. उदाहरणार्थ स्पेक्ट्रम ऑफ द सीजचा तो आकडा ४,२४६ आहे, पण सगळे बेड भरले तर साडेपाच हजारांच्या वर जातो. तुमच्या तारखांना तो वरच्या आकड्याकडे झुकलेला असेल असं समजूनच तयारी करा.

आता ‘मोठं जहाज म्हणजे जास्त गर्दी’ याबद्दल. जहाजाचं जे ग्रॉस टनेज सांगतात ते वजन नसतं, आतल्या जागेचं माप असतं. त्याला माणसांनी भागलं की माणशी किती जागा येते त्याचा अंदाज मिळतो. स्पेक्ट्रमचं टनेज १,६९,३७९, म्हणजे माणशी साधारण ४०. २०२४ मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज २,४८,६६३ टनेजचं, दोन माणसांच्या हिशोबाने ५,६१० प्रवासी, म्हणजे ४४. आणि आपल्या मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस, जे मुळात १९९० सालचं जहाज आहे, तिथे हेच गणित तिसाच्या आसपास येतं. थोडक्यात मोठं जहाज म्हणजे माणशी जागा कमी, असं नसतं. मग दाटी का वाटते, तर जागा सोळा-वीस मजल्यांत आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास लांबीत पसरलेली असते आणि माणसं मात्र बफे, लिफ्ट, थिएटरचं दार आणि पूल एवढ्याच ठिकाणी सापडतात. सकाळी अकराला लायब्ररीच्या कोपऱ्यात किंवा खालच्या मजल्यावरच्या कॅफेत जाऊन बघा, अख्ख्या जहाजावर आपणच आहोत असं वाटेल. माझ्या ग्रुपमधल्या एका काकांनी तर तिथे खिडकीची खुर्ची पकडून चार दिवस शब्दकोडी सोडवली आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगत सुटले की गर्दी कुठाय, मला तर कोणी दिसलं नाही.

शोकडे येऊ. अशा जहाजावर पुढच्या टोकाला मोठं थिएटर असतं आणि मागच्या टोकाला टू-सेव्हंटी नावाचा हॉल, तिथे दिवसा मोठ्या काचांतून समुद्र दिसतो आणि रात्री त्याच काचांवर प्रोजेक्शन करून शो होतो. मोठ्या थिएटरमध्ये तेराशेच्या आसपास माणसं बसतात. रात्री दोन खेळ, आणि मुख्य शो दोन रात्री असेल तर तेराशे गुणिले चार, बावन्नशे. म्हणजे बघणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक खुर्ची मिळेल असंच गणित बांधलेलं असतं, आणि त्यातले बरेच जण कसिनोत असतात, बरेच झोपलेले असतात, लहान मुलांचे आईबाप तर असतातच असतात. टू-सेव्हंटी त्या मानाने खूपच लहान, त्यामुळे ‘फुल’ दिसतंय ते बहुतेक तिथलंच असेल. तर पहिला नियम असा की बुकिंग उघडलं की आधी लहान हॉलचा शो पकडायचा, मोठं थिएटर नंतर. लोक उलटं करतात कारण यादीत मोठ्या शोचं नाव वर असतं.

‘फुल’ला घाबरू नका हे सांगण्यामागे अजून एक कारण आहे. निघण्याआधी अ‍ॅपवर उघडतात त्या सगळ्या जागा नसतात, माझ्या अनुभवात बऱ्याच जागा जहाजावर चढल्यावर, पहिल्या दुपारी उघडतात. आणि ज्यांनी घरी बसून उत्साहात चारही रात्रींचं बुक केलंय ते पहिल्या संध्याकाळी जेवणाची वेळ आणि शोची वेळ आदळल्यावर सोडायला लागतात. म्हणून मी पहिल्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याआधी परत एकदा अ‍ॅप उघडून बघते, सुटलेल्या जागा मला तेव्हाच सापडल्यात.

पण अ‍ॅप उघडण्याआधी घरी करायची दोन कामं आहेत आणि दोन्ही माझ्याकडून एकदा राहिली होती म्हणून जीव तोडून सांगते. एक म्हणजे तिन्ही केबिनचं बुकिंग एकमेकांना लिंक करून घ्या, एजंटला फोन करून स्पष्ट सांगा की तिन्ही एकत्र दिसले पाहिजेत. लिंक नसेल तर तुम्ही फक्त तुमच्या केबिनमधल्या माणसांचे शो बुक करू शकता, बाकीच्यांचे त्यांनी आपापले करायचे, आणि तुमच्या बाबांना चालत्या जहाजावर अ‍ॅप शिकवत बसायचं म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच. माझ्या एका ग्रुपच्या नऊ केबिन होत्या, एकही लिंक नव्हती, मी पहिली दुपार काउंटरच्या रांगेत दोन तास उभी होते आणि माझे लोक वर डेकवर निघतानाचे फोटो काढत होते. दुसरं काम म्हणजे अ‍ॅपमध्ये लॉगिन घरूनच करून ठेवा, पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. जहाजाच्या वायफायवर अ‍ॅप फुकट चालतं, इंटरनेटचा पॅक घ्यावा लागत नाही, पण पासवर्ड विसरलात तर तो बदलायचा ईमेल किंवा ओटीपी समुद्रात येणार कुठून. आणि फोन विमान मोडवर टाकूनच वायफाय लावा, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला फोन आपणहून चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

पहिल्या दिवसाचा क्रम मी असा ठेवते. टर्मिनलवर यायची वेळ ऑनलाइन चेक-इन करताना निवडायची असते, शक्य तितकी आधीची घ्यायची, लवकरच्या वेळा भराभर संपतात. चढल्या चढल्या सगळं जहाज बफेकडे धावतं कारण केबिन अजून तयार नसतात आणि पोटात कावळे असतात, त्या वेळी तुम्ही धावू नका, खालच्या कॅफेत सँडविच-कॉफी घ्या आणि तिथेच बसून शो बुक करा. मग मस्टर ड्रिल, म्हणजे संकटाच्या वेळी कुठे जमायचं त्याची तालीम, उरकून टाका. पूर्वी यासाठी अख्ख्या जहाजाला एकाच वेळी भोंगा वाजवून उभं करायचे, आईंसारख्यांना अर्धा-पाऊण तास उभं राहणं ही शिक्षाच होती. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाचा अपघात झाला त्यानंतर नियम कडक होऊन ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच झालं पाहिजे असं झालं. कोविडनंतर बऱ्याच जहाजांनी पद्धत बदलली, आता फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी एकदा जाऊन तोंड दाखवून कार्ड स्कॅन करायचं, पाच मिनिटांत काम होतं. दुपारी दोन-अडीचला करा, शेवटच्या तासात केलं तर तिथेही रांग. हे झालं की केबिनमध्ये जाऊन आईंना पाय वर करून पडू द्या.

आता जो मुद्दा एजंट सांगत नाहीत. शो लवकरचा घ्यायचा का उशिराचा? सगळे म्हणतात म्हातारी माणसं आहेत, मुलं आहेत, तर लवकरचा घ्या. सिंगापूरला मी उलटं सांगते. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. रात्री साडेनऊचा शो म्हणजे आईंच्या शरीराच्या घड्याळात संध्याकाळचे सात, बातम्या बघायची वेळ. आणि ते घड्याळ लगेच बदलतही नाही. स्थानिक आणि ऑस्ट्रेलियन कुटुंबं लवकर जेवून लवकरच्या शोला जातात, त्यामुळे तो खेळ आधी भरतो आणि उशिराच्या खेळाला आपल्याला ऐसपैस जागा मिळते. याच हिशोबाने सकाळचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, म्हणून आपली माणसं पावणेदहाला उगवतात आणि बफे बंद व्हायच्या आधी सगळा भारत तिथे जमतो. तुमच्या घरात बाबा पहाटे फिरायला जाणाऱ्यांतले असतील तर त्यांना सातला खाली पाठवा, त्यांना अख्खा बफे मोकळा मिळेल.

युरोपला हेच गणित बरोबर उलटं होतं. उन्हाळ्यात बार्सिलोना आपल्या साडेतीन तास मागे असतं, तिथला रात्री नऊचा शो म्हणजे आपले साडेबारा. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण एका वर्षी लवकरचा शो भरला म्हणून मी बावीस जणांना उशिराचा घेतला, दिवसभर शहर पायी फिरून आलेली माणसं, गार एसी, मऊ खुर्ची, अंधार. वीस मिनिटांत चौदा जण झोपले. आमच्यातल्या एका काकांचं घोरणं व्हायोलिनच्या जागी इतकं स्वच्छ ऐकू आलं की पुढच्या रांगेतली बाई मागे वळून हसली. तेव्हापासून पश्चिमेला जाताना लवकरचा आणि पूर्वेला जाताना उशिराचा, हे माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. उशिराच्या शोसाठी दुपारची झोप लागते, ती पुण्याच्या माणसाला शिकवावी लागत नाही.

जेवणाची वेळ याच्याशी जुळवून घ्या. मेन डायनिंगमध्ये ठरलेल्या वेळेचं जेवण साधारण साडेपाच-सहाला आणि दुसरं आठच्या सुमारास असतं, किंवा आपल्या सोयीच्या वेळेचा पर्याय असतो. उशिराच्या शोबरोबर सातच्या आतबाहेर जेवण बरं पडतं, कारण बसून वाढलेलं जेवण सव्वा ते दीड तास घेतं, आठला बसलात तर गोड यायच्या आधी उठावं लागेल. व्हेज किंवा जैन हवं असेल तर बुकिंगच्या वेळी एजंटकडून लिहून घ्या आणि पहिल्या रात्री हेड वेटरला परत सांगा, दुसऱ्या दिवसापासून तुमच्या टेबलावर वेगळी भाजी-डाळ येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

बुकिंग म्हणजे नक्की काय मिळतं ते समजून घ्या, सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. बालगंधर्वला आपल्याला रांग आणि खुर्चीचा नंबर मिळतो. इथे बहुतेक जहाजांवर नंबर नसतो. बुकिंग आहे म्हणजे दारातून आधी आत सोडतील एवढंच, आत गेल्यावर रिकामी दिसेल ती खुर्ची आपली. आणि शो सुरू व्हायच्या साधारण दहा मिनिटं आधी न आलेल्यांच्या जागा बाहेर थांबलेल्यांना देऊन टाकतात, मग तुमच्या फोनवर हिरवं तिकीट असो नसो. त्यामुळे एका भाच्याला पुढे पाठवून आठ खुर्च्यांवर रुमाल टाकायचा एसटीचा प्रकार करू नका, स्टाफ येऊन उठवतो आणि आजूबाजूची माणसं तोंडावर बोलतात. नऊच्या नऊ जण अर्धा तास आधी दारात पोचा, किंवा सरळ चार आणि पाच असे दोन गट करून बसा. एकाच रांगेत नऊ खुर्च्या हव्यात हा हट्ट सोडला की निम्मा ताण जातो. पूलवरच्या खुर्च्यांचंही तेच, टॉवेल टाकून जेवायला गेलात तर अर्ध्या-पाऊण तासात टॉवेल गोळा करून नेतात, आणि टॉवेल हरवल्याचे पैसे लागतात ते वेगळे.

बुकिंग नसेल तर स्टँडबायची रांग असते आणि ती मला मनापासून आवडते. दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर नारायण पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, चौऱ्याहत्तरीच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्यांचं बुकिंग राहून गेलं होतं, चूक माझीच, आणि मी दहा वेळा सॉरी म्हणत होते. त्या मात्र पंचवीस मिनिटं आधी जाऊन दारातल्या मुलाला म्हणाल्या, मला उभं राहता येत नाही, कुठे बसू? त्याने कुठून तरी एक गोल स्टूल आणून दिलं. बाई स्टूलवर बसल्या, पर्समधली आवळासुपारी काढली, त्यालाही एक दिली, त्याने ती तोंडात टाकून जे तोंड केलं ते बघून रांगेतली सगळी लहान मुलं हसायला लागली. शोला आठ मिनिटं उरली तेव्हा आतून खूण आली, सहा जणांचं एक कुटुंब आलंच नव्हतं. बाईंना तिसऱ्या रांगेत मधोमध जागा मिळाली. आमच्यातले बुकिंगवाले चार जण, जे लिफ्टची वाट बघत बसले होते, ते धापा टाकत आले आणि मागच्या खांबाआड बसले. एकट्या-दुकट्याला स्टँडबायमध्ये जवळपास हमखास जागा मिळते. नऊ जणांना एकदम मिळणं अवघड, म्हणून तुमच्याकडे दोन-तीन बुकिंग कमी पडली तर धडधाकट माणसं स्टँडबायला आणि आई-बाबा-मुलं बुकिंगवर, अशी वाटणी करा.

आईंच्या गुडघ्यांबद्दल जरा सविस्तर. थिएटरला दोन-तीन मजल्यांवरून दारं असतात आणि आत पायऱ्यांचा उतार असतो. दारातल्या माणसाला ‘पायऱ्या नकोत’ एवढं सांगितलं की कुठल्या मजल्यावरून सपाट आत जाता येतं ते दाखवतात, व्हीलचेअरसाठी वेगळ्या जागाही असतात, पण त्या मोजक्याच, म्हणून लवकर जायचं. आईंना गरगरत असेल तर थिएटरमध्ये मागच्या बाजूला बसवा. थिएटर जहाजाच्या नाकाशी असतं, नाक सगळ्यात जास्त वर-खाली होतं, मागची रांग म्हणजे जहाजाच्या मध्याकडची रांग, तिथे कमी जाणवतं. तुमच्या मार्गावर डिसेंबरात समुद्र बहुतेक शांत असतो, मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडच्या जमिनीच्या आडोशाला आहे, तरी गोळी जवळ असावी. शो संपल्यावर उठू नका. तेराशे माणसं एकदम पुढच्या लिफ्टकडे जातात, तिथे पंधरा मिनिटं उभं राहण्यापेक्षा पंधरा मिनिटं खुर्चीत बसून राहा, हॉल रिकामा झाला की आरामात निघा. किंवा त्याच मजल्यावरून चालत मागच्या लिफ्टपर्यंत जा, सपाट चालणं गुडघ्याला उभं राहण्याइतकं लागत नाही असं माझ्या बऱ्याच काकू सांगतात. जहाजाची व्हीलचेअर चढता-उतरताना मिळते, चार दिवस आपल्याकडे ठेवायला मिळेल असं धरू नका, लागणार असेल तर घरून घडीची घेऊन जा किंवा आधी भाड्याने ठरवा.

बंदरांच्या दिवशी जहाज रिकामं होतं आणि हे मुलांसाठी सोनं आहे. सकाळी साडेनऊनंतर निम्म्याहून जास्त माणसं खाली उतरलेली असतात. मुलांच्या त्या कॅप्सूलला, म्हणजे नॉर्थ स्टारला, समुद्रपातळीपासून तीनशे फुटांवर नेतात, वारा जास्त असेल तर बंद ठेवतात, त्यामुळे तिचं बुकिंग शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिल्या मिळेल त्या वेळेला करा, रद्द झालं तर दुसरा दिवस हातात राहतो. हवेत तरंगायचंही तसंच.

मार्गात पेनांग आणि फुकेत असेल तर दोन्हीकडे गर्दीचं वागणं वेगळं. पेनांगला जहाज धक्क्याला लागतं आणि जुनं जॉर्ज टाउन, जे २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, ते चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे सकाळी गेट उघडताच धावायचं काही कारण नाही, तासभर थांबून उतरा. फुकेतला मोठी जहाजं पातोंगसमोर समुद्रात उभी राहतात आणि लहान टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. ही खरी रांग. जहाजाची टूर घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंबर मिळतो. आईंना टेंडरमध्ये चढता-उतरताना एक पाऊल हलत्या बोटीत टाकावं लागेल, दोन माणसं हात धरतात, तरी त्यांना नको वाटलं तर जबरदस्ती करू नका, तो दिवस बाबांबरोबर रिकाम्या जहाजावर घालवू द्या. आणि फुकेतला घड्याळाचा घोळ होतो. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे, किनाऱ्याचं नेटवर्क पकडून फोन स्वतःहून वेळ बदलतो, जहाजाची वेळ मात्र जहाज ठरवतं. परतीची शेवटची बोट आणि रात्रीचा शो दोन्ही जहाजाच्या वेळेवर. बाबांच्या मनगटावरचं जुनं चावीचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा आणि सगळ्यांनी त्यांनाच वेळ विचारायची. म्हातारी माणसं या कामात फार खूश असतात.

बफेबद्दल थोडक्यात, कारण तिथे फारसं शास्त्र नाही. आत शिरल्यावर लोक पहिल्या दिसेल त्या रांगेत उभे राहतात, तेच पदार्थ दुसऱ्या बाजूलाही असतात, आधी एक चक्कर मारा. समुद्रातच असण्याच्या दिवशी साडेआठ ते दहा टाळा, त्या वेळी मेन डायनिंगमध्ये बसून नाश्ता मिळतो, डोसा नसेल कदाचित, पण आईंना ताट घेऊन फिरावं लागणार नाही.

शेवटच्या सकाळी पुन्हा सगळं जहाज एका दाराशी येतं. सामानाच्या टॅगवरच्या नंबरने सोडतात, उशिराचा नंबर मागून घ्या आणि तोवर बसायला मिळेल अशी जागा पकडा, आणि दुपारच्या आधीचं विमान घेऊ नका. घेतलं असेल तर आत्ताच बदला, कॅन्सल करण्यापेक्षा ते स्वस्तात पडेल.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीये पण विचाराल म्हणून सांगते, घरचे थेपले, लाडू, चटण्या जहाजावर नेता येत नाहीत, तपासणीत काढून घेतात. कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर सहसा सोडतात. म्हणजे बाकरवडी चालेल, फक्त ती चेक-इनच्या रांगेत फोडू नका. मुलांना भूक नेमकी तिथेच लागते.